झॅकमनचा तक्ता आणि मेंडेलीव्हचा तक्ता

काही दिवसांपूर्वी मुख्याध्यापकांच्या एका प्रशिक्षणवर्गात मागच्या रांगेत बसण्याचा योग आम्हांला आला. शाळेची माहिती संगणकावर कशी ठेवावी, हा विषय होता. व्याख्याते तरुण होते, तयारीचे होते. त्यांनी पडद्यावर सहा ओळी आणि सहा स्तंभांचा एक तक्ता दाखवला, एकूण छत्तीस चौकोन, आणि म्हणाले, "रसायनशास्त्रात मेंडेलीव्हची आवर्तसारणी, तशी ही संस्थांची आवर्तसारणी." सभागृहातल्या विज्ञान-शिक्षकांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. घरी येईपर्यंत मात्र ते मान डोलावणे आम्हांला खटकू लागले होते.

व्याख्यात्यांचा यात दोष नाही. ही तुलना मुळात त्यांची नाहीच. तक्त्याचे कर्ते जॉन झॅकमन या अमेरिकन गृहस्थांनी स्वतःच ती आपल्या लेखांतून आणि व्याख्यानांतून वर्षानुवर्षे केली आहे. पण आवर्तसारणी हा आपल्या रोजच्या शिकवण्याचा विषय आहे. तिच्या नावाने कोणी काही देऊ लागले, तर माल पारखून घेण्याचा अधिकार आपल्याला आहेच. शिवाय याच जातीच्या चौकटींवरून आज सरकारी कारभाराच्या आणि शाळांच्या माहितीची मांडणी होत असल्याने पारखण्याला कारणही आहे.

आधी मूळ अडचण समजून घेऊ, कारण ती खरी आहे. कोणत्याही शाळेचे कार्यालय पाहा. जनरल रजिस्टरात मुलाचे आडनाव आधी लिहिलेले असते. हजेरीपटावर वर्गशिक्षकाने जागा वाचवण्यासाठी वडिलांच्या नावाचे एकच अक्षर घेतलेले असते. आधारपत्रात वडील 'रामराव' असतात, रजिस्टरात नुसते 'राम'. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव इंग्रजीतून लिहावे लागते, तिथे एका स्वराचा कमी-जास्तपणा होतो. माणसाला ही चारही नावे एकाच मुलाची आहेत हे क्षणात कळते. संगणकाला कळत नाही. त्याच्या लेखी ती चार मुले. आता शाळेच्या जागी पन्नास खात्यांची एखादी मोठी कंपनी कल्पा. प्रत्येक खात्याने आपापल्या सोयीने, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांकडून आज्ञावल्या लिहून घेतलेल्या. विक्री खात्याचा 'ग्राहक' निराळा, वसुली खात्याचा निराळा. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांची 1970 नंतरच्या काळात अशीच स्थिती झाली होती. संगणक विकणाऱ्या आयबीएम कंपनीने त्यावर 'बिझनेस सिस्टिम्स प्लॅनिंग' नावाची एक नियोजनपद्धती काढली. झॅकमन त्या कामात होते.

त्यांनी 1987 साली आयबीएमच्याच 'सिस्टिम्स जर्नल'मध्ये एक लेख लिहिला. त्यातून पुढे एक विद्याशाखाच उभी राहिली. तिला एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणतात. आपण संस्थेचे स्थापत्य म्हणू. लेखाची कल्पना साधी आणि सुरेख आहे. घर बांधताना एकच नकाशा नसतो. मालकाला दाखवायचे चित्र वेगळे, वास्तुविशारदाचा आराखडा वेगळा, कंत्राटदाराचा वेगळा, खिडक्या-दारे करणाऱ्याचा आणखी वेगळा. हे नकाशे म्हणजे एकाच चित्राच्या लहानमोठ्या प्रती नव्हेत. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा, म्हणून नकाशा वेगळा. झॅकमन यांनी विमानबांधणीचेही उदाहरण घेतले आणि विचारले, मग माहितीच्या व्यवस्थेचा तेवढा एकच नकाशा का असावा? पाहणाऱ्यांच्या भूमिकांच्या ओळी आणि पाहण्याच्या गोष्टींचे स्तंभ, असा तक्ता त्यांनी मांडला. त्या लेखात स्तंभ तीनच होते: माहिती, प्रक्रिया आणि जाळे, म्हणजे काय, कसे आणि कुठे. पुढे 1992 साली जॉन सोवा यांच्याबरोबर लिहिलेल्या दुसऱ्या लेखात कोण, केव्हा आणि का हे तीन स्तंभ वाढले. ओळींमध्ये शेवटी प्रत्यक्ष चालणारी संस्थाही धरली, की छत्तीस चौकोन होतात.

कोरड्या वर्णनाने हे ध्यानात येणार नाही, म्हणून शालेय पोषण आहार घेऊ. 'काय' या स्तंभात तांदूळ येईल. योजना आखणाऱ्याच्या ओळीत तांदूळ हा यादीतला एक शब्द आहे. मुख्याध्यापकाच्या ओळीत तो कोठीतली पोती आहे. नोंदींची पद्धत आखणाऱ्याच्या ओळीत तो चार रकाने आहे: आरंभीची शिल्लक, आवक, खर्च, अखेरची शिल्लक. आज्ञावली लिहिणाऱ्याला त्याचे एवढेच कळायला हवे की आकडा किती अंकी आणि दशांशचिन्हापुढे किती स्थळे. अगदी खालच्या ओळीत तो मुलाच्या ताटातला भात आहे. ही ओळ उतरत जाताना बारकावा वाढतो असे नाही, पाहणारा बदलतो. पोती मोजणारा आणि दशांशस्थळे मोजणारा यांची भांडणे पुष्कळदा यामुळेच होतात, की आपण निरनिराळ्या चौकोनांत उभे आहोत हे दोघांनाही ठाऊक नसते. हे दाखवून देणे ही झॅकमन यांची खरी कमाई आहे आणि ती आम्ही मनापासून मान्य करतो. शिक्षकाने हा तक्ता एकदा तरी आपल्या शाळेसाठी भरून पाहावा. तासाभराचे काम आहे, करमणूकही होते.

पण हा आवर्तसारणीच्या पंक्तीला बसतो का?

मेंडेलीव्हने 1869 मध्ये मूलद्रव्ये अणुभारांच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा गुणधर्म ठरावीक अंतराने पुन्हा येतात असे दिसले. क्रम मोडला तर हे पुन्हा येणे नाहीसे होते. सारणीचा सगळा अर्थ क्रमात आहे. इथे न्यूलँड्सची गोष्ट आठवते. आपण वर्गात त्याचा अष्टकांचा नियम सांगतो. 1866 साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे त्याने तो मांडला तेव्हा काय झाले ते सहसा सांगत नाही. भौतिकीचे प्राध्यापक फॉस्टर यांनी त्याला विचारले, की मूलद्रव्ये त्यांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावून पाहिलीत काय? प्रश्न कुचेष्टेचा होता आणि न्यूलँड्सवर अन्याय करणारा होता. परंतु तक्ता पाहिला की विचारावा असाच तो प्रश्न आहे. ही मांडणी बदलली तर काही बिघडेल काय? मेंडेलीव्हच्या बाबतीत उत्तर आहे, सारे बिघडेल. झॅकमन-सोवा यांनी 1992 च्या लेखात आपल्या तक्त्याचे सात नियम दिले आहेत. त्यांतला पहिलाच नियम सांगतो, की स्तंभांना क्रम नाही. फॉस्टर यांना इथे उत्तर मिळाले असते: हो, आद्याक्षरांप्रमाणे लावले तरी चालेल.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागांची. मेंडेलीव्हने रिकाम्या जागा सोडल्या आणि 1871 मध्ये त्यांत काय सापडेल ते आकड्यांनिशी लिहून ठेवले. एका-अल्युमिनिअमचा अणुभार सुमारे 68, घनता सुमारे 5.9. चार वर्षांनी फ्रान्समध्ये लकॉक द बॉइसबोद्रां याला गॅलिअम सापडले. त्याने घनता मोजली ती 4.7 भरली. मेंडेलीव्हने कळवले, नमुना शुद्ध नसावा, पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, 5.9 आली. ज्याने धातू डोळ्यांनी पाहिलेला नाही तो, ज्याच्या हातात धातू आहे त्याची मोजणी दुरुस्त करतो! (हातात म्हणताना जपून म्हटले पाहिजे, कारण गॅलिअम 30 अंश सेल्सिअसच्या जरा खालीच वितळते, आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्यात ते बाटलीत पाण्यासारखे हेलकावेल.) मग 1879 साली स्कँडिअम आणि 1886 साली जर्मेनिअम मिळाले. मेंडेलीव्हची सगळीच भाकिते खरी ठरली असे मात्र नाही. काही साफ चुकली. ती चुकू शकत होती, यातच त्या रिकाम्या चौकोनांची किंमत होती.

झॅकमनच्या तक्त्यात चौकोन रिकामा राहिला तर काय कळते? 'केव्हा'च्या स्तंभात, आज्ञावली लिहिणाऱ्याच्या ओळीत काही नाही, एवढेच. तिथे काय असायला हवे हे शेजारच्या चौकोनांवरून काढता येत नाही. तिथे काही असायलाच हवे का, हेही काढता येत नाही. तो चौकोन फक्त म्हणतो: मला भरा. आपल्याला हा आवाज ओळखीचा आहे. संगणकावरच्या अर्जात लाल फुलीची खूण असलेली चौकट असेच म्हणते आणि मग कोणीतरी तिच्यात 'लागू नाही' असे लिहून पुढे जातो.

तिसरी गोष्ट नको असलेल्या पाहुण्याची. 1894 साली ऑर्गॉन सापडला तेव्हा आवर्तसारणीत त्याला जागाच नव्हती. मेंडेलीव्ह अस्वस्थ झाला; हा नायट्रोजनचाच तीन अणूंचा रेणू असावा, असे तो म्हणून पाहू लागला. अखेर सारणीला एक नवा गण जोडावा लागला आणि सारणी अधिक भक्कम झाली. निसर्गाने दिलेला धक्का तिने खाल्ला. झॅकमन यांच्या अनुयायांना मात्र ओळ किंवा स्तंभ वाढवू नये असे बजावलेले असते. 1987 मध्ये तीन असलेले स्तंभ 1992 मध्ये सहा झाले, ते कोणत्या संस्थेत काय आढळले म्हणून? तसे काही झाल्याचे त्या लेखात दिसत नाही. इंग्रजी भाषेत प्रश्न विचारण्याचे सहा शब्द प्रमुख मानले जातात म्हणून स्तंभ सहा.

इथे मराठी शिक्षकाने थोडे थांबावे. आपल्याकडे प्रश्नवाचक शब्द किती? कोण, काय, का, कसे, कुठे, केव्हा हे तर आहेतच. शिवाय किती आहे, कोणता आहे आणि इंग्रजीला एका शब्दात सांगताच येत नाही असा 'कितवा' आहे. हा तक्ता एखाद्या मराठी माणसाने काढला असता तर नऊ स्तंभांचा झाला असता आणि तोही निसर्गनियम म्हणून मिरवला असता. आम्ही हे थट्टेने म्हणत असलो तरी त्यात एक गंभीर गोष्ट आहे. सहांच्या यादीत 'किती' नाही. झॅकमन यांचे अनुयायी म्हणतील, किती हा 'काय'चाच एक गुण समजा. समजू. पण हे नकाशे काढायला किती खर्च येईल, किती दिवस लागतील आणि कितवा चौकोन भरल्यावर थांबावे, हे प्रश्न तक्ता कुठेच विचारत नाही. पुढचा इतिहास पाहता तेच विचारायला हवे होते.

तो इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेत 1996 साली क्लिंजर-कोहेन कायदा झाला आणि केंद्र सरकारच्या प्रत्येक मोठ्या खात्याने आपल्या माहिती-तंत्राचे सुसंगत स्थापत्य राखावे असे बंधन आले. 1999 मध्ये सर्व खात्यांसाठी एक संघराज्यीय चौकट प्रसिद्ध झाली. लष्कराची स्वतःची एक तांत्रिक चौकट आधीपासून होती, तिचे नाव टॅफिम. तिच्यावरून 'द ओपन ग्रुप' या संघटनेने 1995 साली टोगॅफ नावाची चौकट तयार केली. आज जगभर या क्षेत्रात सर्वांत अधिक नाव घेतले जाते ते टोगॅफचेच. 2022 मध्ये तिची दहावी आवृत्ती निघाली. नववीच्या एका सुधारित आवृत्तीची पानेच सुमारे सातशे होती. झॅकमनचा तक्ता नुसते वर्गीकरण करतो. टोगॅफ कामाची पद्धत सांगते. कारभाराचे स्थापत्य, माहितीचे आणि आज्ञावल्यांचे स्थापत्य, यंत्रांचे स्थापत्य, मग आजची स्थिती आणि हवी असलेली स्थिती यांतले अंतर, मग स्थलांतराची योजना, आणि फिरून पहिल्यापासून. वर्तुळ काढून दाखवतात. या चौकटीत एक सोयीचे कलमही आहे: आपापल्या गरजेप्रमाणे ती बदलून घ्यावी. सल्ला शहाणपणाचा आहे. पण त्याचा परिणाम असा होतो, की काम यशस्वी झाले तर श्रेय चौकटीचे आणि फसले तर तुम्ही ती नीट बदलून घेतली नाहीत. जी गोष्ट कधीच हरू शकत नाही तिला आपण विज्ञानाच्या तासाला काय म्हणतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

आणि काम फसल्याची नोंद आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या कारभाराच्या स्थापत्याचे काम हाती घेतले. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने 2013 साली अहवाल दिला, की दहा वर्षांहून अधिक काळ आणि किमान 37 कोटी 90 लाख डॉलर खर्चूनही, कोणत्या कामात पैसा घालावा आणि कोणत्या कामात घालू नये हे ठरवण्यासाठी या स्थापत्याचा उपयोग मर्यादितच झाला. नकाशे तयार होते. बांधणारे त्यांच्याकडे फारसे पाहत नव्हते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. अमेरिकेच्याच एफबीआय या तपास यंत्रणेने गुन्ह्यांच्या फायली संगणकावर आणण्याचा मोठा प्रकल्प घेतला होता. सुमारे 17 कोटी डॉलर खर्चून तो 2005 साली सोडून द्यावा लागला. आदल्याच वर्षी तज्ज्ञांच्या एका समितीने तो तपासून सांगितले होते, की संस्थेचे समग्र स्थापत्य हाताशी नसताना हे काम चालले आहे. म्हणजे नकाशा नसल्यानेही घर पडते. चौकटींचे पुरस्कर्ते हे उदाहरण देतात आणि त्यांनी ते द्यावेच. नकाशा हवा की नको, असा आमचा प्रश्नच नाही. नकाशा चांगला आहे हे कशावरून ओळखायचे, हा आमचा प्रश्न आहे. त्याला झॅकमनच्या तक्त्यात उत्तर नाही. टोगॅफच्या सातशे पानांत मोजमापाचा उल्लेख आहे, पण माप कोणाच्या सोयीने घ्यायचे हे ज्याने त्याने ठरवायचे आहे.

कोणी म्हणेल, वर्गीकरणाने भाकीत केलेच पाहिजे असा हट्ट का? ग्रंथालयातली वर्गीकरणपद्धती कुठे भाकीत करते? बरोबर. आम्हांला वाटते हीच तुलना योग्य आहे आणि तिच्यासाठी रशियात जाण्याचेही कारण नाही. शि. रा. रंगनाथन मद्रासला गणित शिकवत. 1924 मध्ये ते तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच त्या पट्ट्या आणि तेच खिळे-नट निरनिराळ्या तऱ्हांनी जोडून निरनिराळ्या वस्तू होतात. यावरून त्यांना द्विबिंदू वर्गीकरण सुचले, ते 1933 साली प्रसिद्ध झाले. कोणताही विषय पाच पैलूंच्या जोडणीतून सांगता येतो, असे त्यांनी मांडले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ. झॅकमनच्या सहा प्रश्नांशी यांचे नाते उघड आहे. कुठे आणि केव्हा तर तेच आहेत.

मात्र रंगनाथनांनी दोन गोष्टी केल्या. पैलूंचा क्रम त्यांनी ठरवून दिला, कारण क्रम बदलला की पुस्तक दुसऱ्या फडताळात जाते आणि वाचकाला सापडत नाही. आणि वर्गीकरण प्रसिद्ध करण्याच्या दोन वर्षे आधीच, 1931 साली, त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले होते. त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. पद्धती बरी की वाईट हे ज्या काट्यावर तोलायचे तो काटा त्यांनी आधी टांगला, आणि तो ग्रंथपालाच्या हातात न ठेवता वाचकाच्या हातात दिला. घड्याळ घेऊन उभे राहा आणि पाहा: माणूस दारातून आत आला, पुस्तक हाती पडेपर्यंत किती वेळ गेला? वर्गीकरण इथे हरू शकते. द्विबिंदू पद्धती पुष्कळ ग्रंथालयांनी घेतली नाही, तिची चिन्हे किचकट वाटतात अशी तक्रार नेहमीची आहे. पण तक्रार कशाच्या आधारे करायची हेही रंगनाथनांनीच शिकवले.

संस्थेच्या स्थापत्याला हाच काटा लावला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. आणि इथे विषय थेट आपल्या दाराशी येतो. महाराष्ट्रात 2015 पासून 'सरल' प्रणालीत विद्यार्थ्यांची नोंद होऊ लागली. यू-डायस प्लसमध्ये 2022-23 पासून शाळेच्या एकूण आकड्यांऐवजी प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद मागितली जाऊ लागली. त्यानंतर 'अपार' हा ओळख क्रमांक आला. केंद्र सरकारने 2018 मध्ये सरकारी खात्यांसाठी 'इंडिया' या आद्याक्षरी नावाची स्थापत्याची चौकट काढली आणि 2021 च्या जुलैत शिक्षणासाठी राष्ट्रीय डिजिटल शिक्षण स्थापत्य, म्हणजे 'एनडिअर', जाहीर झाले. या शेवटच्या आराखड्याचा रोख आम्हांला योग्य वाटतो. एकच अजस्र प्रणाली बांधू नये, सामाईक नियम आणि जोडता येणारे सुटे भाग द्यावेत, त्यांवर राज्यांनी आपापले काही उभारावे, असा तो रोख आहे. मेकॅनोशी याचे साम्य वाचकांच्या लक्षात आले असेलच.

पण त्या 'रामराव' आणि 'राम' यांचे काय करायचे? झॅकमनचा तक्ता इथे एक पाऊल नक्की टाकतो. 'काय'च्या स्तंभात मुख्याध्यापकाच्या ओळीपाशी तो विचारतो, तुमच्या लेखी 'नाव' म्हणजे काय? आडनाव आधी की शेवटी? राव हा नावाचा भाग की आदराचा? हे प्रश्न आज्ञावली लिहिण्याच्या आधी कोणी विचारले असते तर पुष्कळ शिक्षकांच्या पुष्कळ संध्याकाळी वाचल्या असत्या. दुसरे पाऊल मात्र तक्ता टाकत नाही. दोन नोंदी जुळल्या नाहीत तर कोणती खरी धरायची, आणि दुरुस्त कोणी करायची? 'कोण'च्या स्तंभात काम करणाऱ्याचे नाव असते. ऐकून घेणे कोणावर बंधनकारक आहे ते नसते. सगळ्यांत वरची ओळ योजकाची, सगळ्यांत खालची प्रत्यक्ष चालणाऱ्या संस्थेची. झॅकमन सांगतात की ओळी म्हणजे दर्जा नव्हे, निरनिराळ्या दृष्टी आहेत. त्यांचा हेतू तसाच असेल. पण कागदावर जे खाली छापलेले असते ते शेवटी भरले जाते, आणि कार्यालयात जे शेवटी भरायचे असते ते मार्च महिन्यात, घाईने भरले जाते. मुलाच्या वडिलांना घरात काय म्हणतात, गावात काय म्हणतात आणि आधारपत्र काढताना शिबिरातल्या माणसाने काय ऐकले, हे ज्ञान फक्त त्या तळच्या ओळीत आहे. ते वर जाण्याचा रस्ता छत्तीसांपैकी एकाही चौकोनातून काढलेला नाही.

त्या प्रशिक्षणवर्गात प्रश्नोत्तरांच्या वेळी एका शिक्षिकेने विचारले होते, "सर, हा तक्ता भरून झाला की जुन्या याद्या भरणे बंद होईल ना?" व्याख्याते प्रामाणिक होते. ते म्हणाले, तसे काही सांगता येणार नाही. पुढे चहा आला आणि विषय तिथेच राहिला. आमच्या मते त्या दिवशीचा सर्वांत शास्त्रीय प्रश्न तोच होता, कारण त्याचे उत्तर मोजता येते.

मोजणी कशी करावी ते सांगतो. यंदा पहिलीत दाखल झालेले एक मूल निवडा. दाखल्याच्या दिवसापासून वर्षाअखेरपर्यंत त्याचे नाव आणि जन्मतारीख शाळेने किती वेळा लिहिली किंवा टंकित केली, याच्या उभ्या रेघा एका वहीत ओढत जा. कागदावरच्या नोंदी वेगळ्या, संगणकावरच्या वेगळ्या. ज्या वेळी आधीची नोंद आपोआप पुढे आली आणि काहीच लिहावे लागले नाही, त्या वेळी रेघेऐवजी शून्य काढा. जन्मतारखेत किंवा नावात दुरुस्ती करावी लागली तर ती कोणाकडे पाठवली आणि किती दिवसांनी झाली, तेही शेजारी टिपा. मुलाचे नाव आम्हांला नको, शाळेचेही नको. फक्त रेघा, शून्ये आणि दिवस कळवा. पुढच्या वर्षी त्याच मुलासाठी पुन्हा वही उघडा. शून्ये वाढली तर स्थापत्य कामाचे आहे, मग ते कोणत्या चौकटीत बसवले आहे याची आम्ही चौकशी करणार नाही.